श्रीसंत गाडगेबाबा आणि बारशाचे जेवण

कार्तिकीची वारी करून माळकरी मंडळी घरी परततात, तुळशीची लग्ने लागतात, आणि आमच्या वसई-विरारकडे गावोगाव हळदीचे मांडव पडू लागतात. मांडवात वाजंत्री वाजत असते, आणि मागल्या दारी, पडवीच्या आडोशाला, बाटल्यांची खोकी उतरत असतात. गेल्या साली आम्ही अशाच एका घरी गेलो होतो. यजमानांच्या गळ्यात तीस वर्षांची तुळशीची माळ. आळंदीची वारी चुकलेली नाही. पाहुणे जमू लागले तसे ते देवघरात जाऊन बसले आणि त्यांनी दार ओढून घेतले. बाहेरचे सगळे थोरल्या मुलाने पाहिले. आम्ही विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले की, हे नाही केले तर भावकी ताटावरून उठून जाईल. माणूस खोटा नव्हे. आम्हीही चहा घेतला आणि काही न बोलता घरी आलो. ते न बोलणे आम्हांस अजून डाचते आहे. त्या रात्री श्रीगाडगेबाबांच्या घरच्या बारशाची आठवण झाली, म्हणून हे चरित्र लिहावयास घेतले.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, वऱ्हाडात अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. जात परिटाची. घरी शेतीभाती होती, गुरे होती, खाऊन पिऊन सुख होते. पण वडील झिंगराजी यांना संगत लागली आणि संगतीने दारू लागली. सुरुवात कशी होते ते आपण सारे जाणतोच. कंदुरीचे जेवण असते, देवाला बोकड पडतो, आणि त्याबरोबर देवाच्याच नावाने पेला फिरतो. पुढे देव राहतो बाजूला आणि पेला तेवढा हातात राहतो. झिंगराजींची शेती गेली, गुरे गेली, शरीरही गेले. डेबू आठ वर्षांचा असता बाप वारला. आई सखूबाई पोराला पोटाशी धरून माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी, आली.

म्हणजे बाबांना दारूची ओळख झाली ती अशी, ग्रंथातून नव्हे किंवा कोणाच्या व्याख्यानातूनही नव्हे. बाबांच्या चरित्रात ही गोष्ट दोन ओळींत उरकण्याची रीत पडली आहे. आम्हांस ती बरी वाटत नाही. पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ तेथेच आहे.

आजोळी डेबूने गुरे राखली, नांगर धरला, रात्री भजनात टाळ धरला. अक्षराची ओळख मात्र झाली नाही. मामाही अक्षरशत्रूच. सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवला आणि सोन्यासारखी जमीन गेली. मामाने त्या धसक्याने प्राण सोडला. बापाला दारूने नेले, मामाला कर्जाने नेले. पुढे बाबांच्या कीर्तनात दारू पिऊ नका, कर्ज काढू नका आणि पोराला शाळेत घाला या तीन गोष्टी एका दमात येत. याचे नवल वाटायला नको.

१८९२ साली डेबूजींचे कुंताबाईंशी लग्न झाले. पहिली मुलगी झाली, तिचे नाव अलोका. तिचे बारसे मोठे करायचे ठरले. त्या काळी त्या समाजात बारसे असो, लग्न असो की तेरावे असो, बोकड आणि दारू यांवाचून पंगत होत नसे. हा नुसता चवीचा प्रश्न नव्हता, मानाचा होता. ज्याच्या घरी पाजत नाहीत तो कंजूष, किंवा त्याहून वाईट म्हणजे जातीला कमी लेखणारा. जातभाई आशेने आले, पाने मांडली, आणि पानात पडले बुंदीचे लाडू! मटण नाही, दारू नाही. कुजबुज झाली, कोणी रागावले. घरच्या वडीलधाऱ्यांनाही हे आवडले नसणार. डेबूजी हात जोडून वाढीत राहिले.

वाचकहो, येथे थोडे थांबावे. तोवर ते कोणी बाबा नव्हते. हातात झाडू नव्हता, मागे लोक नव्हते, पाया पडणारे कोणी नव्हते. एक वीस-बावीस वर्षांचा शेतकरी, मामाच्या गावात राहणारा, बापाची बदनामी पाठीवर असलेला. त्याने भावकीला दुखावले. पण कसे दुखावले तेही पाहावे. त्याने कोणाला हाकलले नाही, पिणाऱ्याला आत येऊ नको म्हटले नाही. दार उघडे ठेवले आणि पानात गोड वाढले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, एका हातात खराटा आणि दुसऱ्यात मातीचे गाडगे. तेच ताट, तेच डोईवरचे टोपरे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, कोणी भाकर दिली तर काम करून खायची, आणि रात्री कीर्तन. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट बांधला. पुढे पंढरी, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले. स्वतः मात्र धर्मशाळेत कधी हक्काने निजले नाहीत.

आपल्या पंथाशी बाबांचे नाते जरा वेगळे आहे. ते कोणत्याही फडाचे नव्हते. शिष्य केला नाही, कोणाला पाया पडू दिले नाही. पंढरीची वारी मात्र सोडली नाही. वारीला येत आणि देवळात न जाता वाळवंट झाडीत बसत. ज्यांना त्या काळी देवळात प्रवेश नव्हता त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

कीर्तनात बाबा व्यासपीठावरून उपदेश करीत नसत. ते प्रश्न विचारीत आणि समाजाकडून उत्तर काढून घेत. समोरच्या माणसाने आपल्याच तोंडाने कबूल करायचे की, बाटलीचा पैसा पोराच्या ताटातून जातो. हसता हसता माणसे रडत. आपल्याकडे नियम स्पष्ट आहे, माळ घातली की मद्यमांस सुटले. नियम उत्तमच. पण ज्याच्याने सुटत नाही त्याला आपण पंगतीबाहेर ठेवतो आणि विसरतो. बाबा त्याच्याच दाराशी जाऊन उभे राहत, हा फरक आम्हांस लिहिल्यावाचून राहवत नाही.

आपल्या किनाऱ्याचीही याला जोड देण्यासारखी एक कथा आहे. पालघर जिल्हा २०१४ साली झाला; त्यापूर्वी हा सारा ठाणे जिल्हा. येथे ताडी-माडी आणि मोहाची दारू पूर्वापारची. इंग्रज सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची भट्टी बंद केली, १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावरही बंदी घातली. लोकांनी पिणे सोडावे हा त्यात हेतू नव्हता. ठेकेदाराच्या दुकानातून, कर भरलेली प्यावी, एवढाच होता. गरीब आणखी कर्जात बुडाला. मग १९२२ साली पालघरच्या कोळीवाड्यांतून एक वारे निघाले. अंगात देवी येऊ लागली आणि ती सांगू लागली की, दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा. उंबरगाव, धरमपूर करीत हे वारे त्याच वर्षाअखेर सुरत जिल्ह्यापर्यंत गेले. हजारो आदिवासींनी गुत्त्याकडे पाठ फिरवली. पुष्कळांची दारू पुढे वर्षा-दोन वर्षांत परत आली हेही खरे. पण ज्यांना कोणी शिकवायला गेले नव्हते त्यांनी आपणहून एवढे करून दाखवले, ते आपण वसई-पालघरकरांनी विसरावे हे बरे नव्हे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५० पासून पूर्ण दारूबंदी आली. कायदा आला तशी खाडीकाठच्या कांदळवनांत हातभट्टीही आली. अशा काळात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबांचे एक कीर्तन वांद्र्याला पोलिसांच्या आवारात झाले. आपल्या लोकलच्याच वाटेवरचे ते ठिकाण. प्रकृती पार खालावलेली होती. त्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. बंदीचा कायदा ज्यांनी पाळवून घ्यायचा त्या पोलिसांपुढे बाबा बोलले ते मात्र माणसाच्या घरादाराविषयी. १९५२ साली त्यांच्या कामाचे मिशन झाले होते, संस्था चालत्या हातांत दिल्या होत्या.

दारूबंदी १९६० नंतरच्या दशकात सैल झाली. तेव्हापासून हे काम सरकारपेक्षा संस्थांच्या कार्यकर्त्यांवरच अधिक पडले. मुंबईचे नशाबंदी मंडळ आहे. आपल्या वारकऱ्यांतूनच निघालेला व्यसनमुक्त युवक संघ आहे. किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाईन विकू देण्याचे सरकारने जानेवारी २०२२ मध्ये ठरवले, तेव्हा या संघाचे लोक टाळ घेऊन रस्त्यावर आले होते. गावातले दुकान स्त्रियांच्या मतदानाने बंद करता येते, ती आडव्या बाटलीची तरतूदही आहे. पण त्यासाठी दारोदार सह्या गोळा कराव्या लागतात, सहीची पडताळणी होते, एक सही मागे घेतली की पुन्हा पायपीट. असे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. पगार तुटपुंजा, गावात पुढारी नाराज, घरी बायको नाराज. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या कचेरीत भिंतीवर बाबांचाच फोटो असतो, हाती खराटा घेतलेला.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, मोटारीतच बाबांची प्राणज्योत मालवली.

असो. ज्या यजमानांची गोष्ट आरंभी सांगितली, त्यांच्या धाकट्या मुलाची हळद येत्या माघात आहे. परवा त्यांचा निरोप आला की, आपल्या मंडळाने रात्री भजन लावावे, आणि बुंदी पाडायला चांगला आचारी कोण तेही सांगावे. मागल्या दाराचे काय ठरले, ते निरोपात नव्हते. आम्ही आचाऱ्याचे नाव कळवले आहे, आणि भजनाला जाणार आहोत.