न्यूटनच्या दारातली दोन भोकं



विज्ञानाच्या तासाला एक गोष्ट आपण हमखास सांगतो. आयझॅक न्यूटन यांच्याकडे एक मांजर होती. ती सारखी आत-बाहेर करायची, दारावर नखं ओरबाडायची, आणि न्यूटनना उठून दार उघडावं लागायचं. शेवटी त्यांनी दाराला खालच्या बाजूला एक भोक पाडून घेतलं. पुढे मांजरीला पिल्लू झालं, तेव्हा पिल्लासाठी शेजारी आणखी एक छोटं भोक! वर्गात हशा पिकतो. मोठ्या भोकातून पिल्लूही जाईल हे दुसरीतल्या मुलालाही कळतं, आणि एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला कळलं नाही, म्हणून मुलं खूश होतात.

गोष्ट छानच आहे. पण ती खरी आहे का? आणि ती सांगताना आपण मुलांच्या मनात कोणता न्यूटन उभा करतो? याचं उत्तर शोधायचं तर आधी या माणसाचं आयुष्य नीट पाहायला हवं. चला तर मग.

न्यूटन यांचा जन्म इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात, वूल्सथॉर्प नावाच्या छोट्या गावात झाला. तारीख २५ डिसेंबर १६४२. (तेव्हा इंग्लंडमध्ये जुनी दिनदर्शिका चालत असे. आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे ही तारीख ४ जानेवारी १६४३ येते. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या तर गोंधळून जाऊ नका.) वडील शेतकरी. ते मुलाच्या जन्माआधी तीन महिनेच वारले होते. बाळ अपुऱ्या दिवसांचं, इतकं लहान की ते जगेल असं कुणाला वाटत नव्हतं.

आयझॅक तीन वर्षांचा असताना आईने दुसरं लग्न केलं आणि ती जवळच्याच गावी नवऱ्याच्या घरी राहायला गेली. आयझॅकला मात्र तिने आजीजवळ ठेवलं. आई हाकेच्या अंतरावर, पण आपली नाही. हे त्या पोराच्या मनाला किती लागलं असेल याची कल्पना करा. पुढे एकोणीस-वीस वर्षांचा असताना त्याने वहीत आपल्या हातून घडलेल्या पापांची यादी लिहून काढली. त्यात आईला आणि सावत्र वडिलांना घरासकट जाळून टाकण्याची धमकी दिल्याचीही नोंद आहे. आपल्या वर्गातही असं गप्प बसणारं, आतून धुमसणारं एखादं मूल असतं, नाही का?

बाराव्या वर्षी त्याला ग्रँथमच्या शाळेत घातलं. राहण्याची सोय एका औषधविक्रेत्याच्या घरी. सुरुवातीला अभ्यासात तो मागेच होता. मात्र हात सतत चालू असायचे. मिळालेल्या पैशांतून त्याने करवत, हातोडी, छिन्नी अशी हत्यारं जमवली. लाकडाची छोटी पवनचक्की केली आणि ती फिरवायला चक्क उंदीर ठेवला! पाण्यावर चालणारं घड्याळ केलं, भिंतींवर छायाघड्याळं आखली, रात्री पतंगाला कंदील बांधून उडवला आणि आसपासच्या लोकांना घाबरवून सोडलं. एका दांडग्या मुलाने त्याला लाथ मारली, तेव्हा त्याने मारामारीत त्याला हरवलं. मग अभ्यासातही त्याच्या पुढे जायचं ठरवलं आणि गेलाही.

सतरा वर्षांचा होता होता आईने त्याला शेती सांभाळायला परत बोलावलं. हा पुस्तकात गुंग, आणि मेंढरं दुसऱ्याच्या शेतात! शेतीचं काम त्याला जमेना. शेवटी शाळेचे मुख्याध्यापक स्टोक्स आणि मामा यांनी आईची समजूत घातली. स्टोक्स यांनी तर त्याची फी सोडून द्यायचीही तयारी दाखवली. शिक्षक मित्रांनो, हे नाव लक्षात ठेवा. स्टोक्स सरांनी तेव्हा हट्ट धरला नसता, तर न्यूटन हे नाव कदाचित गावच्या शेतसाऱ्याच्या वहीतच राहिलं असतं.

१६६१ मध्ये न्यूटन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. तिथे श्रीमंत विद्यार्थ्यांची कामं करून शिकणारा एक वर्ग असे, त्यात त्यांचं नाव होतं. १६६५ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी प्लेगची साथ आली. विद्यापीठ बंद पडलं. न्यूटन गावी परतले. पुढची जवळपास दोन वर्षं बहुतेक काळ ते घरीच होते. गणिताची नवी पद्धत, गुरुत्वाकर्षण आणि रंग या तिन्ही विषयांतल्या त्यांच्या विचारांना या काळात आकार आला.

आता इथे येतं आपलं पहिलं खरं भोक. ते दाराला नव्हतं, खिडकीच्या झडपेला होतं!

न्यूटननी खोलीत अंधार केला. झडपेला साधारण पाव इंच व्यासाचं भोक पाडलं. त्यातून आलेला उन्हाचा कवडसा त्यांनी काचेच्या त्रिकोणी लोलकातून जाऊ दिला. समोरची भिंत बावीस फुटांवर होती. तिच्यावर रंग पडले. त्यात नवल नव्हतं, लोलकातून रंग दिसतात हे आधीही लोकांना ठाऊक होतं. न्यूटनना खटकला तो आकार. भोक गोल, सूर्य गोल, म्हणजे भिंतीवरचा ठिपकाही गोल यायला हवा. आला तो लांबट पट्टा. त्यांनी फूटपट्टी घेऊन मोजलं. लांबी सव्वातेरा इंच आणि रुंदी फक्त अडीच इंचांहून जराशी जास्त. लांबी रुंदीच्या पाचपट!

हे का व्हावं? त्या काळची समजूत अशी होती की पांढरा प्रकाश शुद्ध असतो आणि काच त्याला रंग चढवते. हे तपासायला न्यूटननी दोन फळ्या घेतल्या आणि दोन्हींना एकेक छोटं भोक पाडलं. पहिली फळी लोलकाच्या मागे, दुसरी तिच्यापासून सुमारे बारा फुटांवर. पहिल्या भोकातून आलेल्या रंगांपैकी एकच रंग दुसऱ्या भोकातून पुढे जाऊ दिला आणि तिथे दुसरा लोलक ठेवला. काच रंग चढवत असती तर दुसऱ्या लोलकानेही नवा रंग दिला असता. तसं झालं नाही. लाल आला तो लालच राहिला, निळा आला तो निळाच राहिला. निळा मात्र लालपेक्षा जास्त वळला. म्हणजे रंग काचेत नव्हते, ते मुळात प्रकाशातच होते, आणि काचेने त्यांना फक्त वेगवेगळं केलं होतं.

तर दोन भोकं न्यूटननी खरोखरच पाडली होती बरं का! पण त्यांतून जाणार होता प्रकाश.

पुढे १६६८ मध्ये त्यांनी आरसा वापरून दुर्बीण बनवली. जेमतेम सहा इंच लांब. आरशासाठी धातू स्वतः ओतला, स्वतः घासला, त्यासाठी लागणारी हत्यारंही स्वतःच केली. १६६९ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते केंब्रिजमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. १६७२ मध्ये रंगांवरचा त्यांचा लेख रॉयल सोसायटीने छापला आणि रॉबर्ट हूक यांनी त्यावर जोरदार टीका केली. न्यूटनना टीका सोसत नसे. ते चिडले, दुखावले आणि हळूहळू त्यांनी आपलं संशोधन जगापुढे ठेवणंच कमी केलं. लहानपणी एकटं पडलेलं ते पोर मोठेपणीही दार लावूनच बसत असे.

ते दार वाजवलं एडमंड हॅली यांनी. १६८४ मध्ये ते केंब्रिजला आले आणि त्यांनी विचारलं, की सूर्याचं आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल तर ग्रहाची कक्षा कशी होईल. न्यूटननी लगेच सांगितलं की लंबवर्तुळ. हिशोब आधीच केला होता, पण कागद सापडेना! हॅलींनी पिच्छा सोडला नाही. त्यातून १६८७ मध्ये प्रिन्सिपिया हा ग्रंथ आला. रॉयल सोसायटीचे पैसे माशांवरच्या एका पुस्तकात अडकले होते, म्हणून छपाईचा खर्चही हॅलींनीच केला.

याच काळात न्यूटनकडे हम्फ्री न्यूटन नावाचा लेखनिक होता. आडनाव एकच असलं तरी नात्यातला नव्हे. तो सुमारे पाच वर्षं त्यांच्या खोलीत वावरला. त्याने नंतर लिहिलेल्या आठवणी आपल्या गोष्टीच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत. न्यूटन कामात जेवायचं विसरत, ताट तसंच राही. आणि त्याने स्पष्ट नोंदवलंय की त्यांच्या खोलीत कुत्राही नव्हता आणि मांजरही नव्हती. त्याचा फायदा बिछाना घालणाऱ्या म्हातारीला व्हायचा. सकाळी न शिवलेलं जेवण ती आनंदाने घेऊन जायची!

मग मांजरीची गोष्ट आली कुठून? त्याच कॉलेजात शिकलेल्या राइट नावाच्या लेखकाने १८२७ मध्ये एका पुस्तकात ती दिली आहे, म्हणजे न्यूटन गेल्यानंतर तब्बल शंभर वर्षांनी. गोष्ट खरी की खोटी हे त्याने ठरवलं नाही. पण त्या दाराला मांजरीच्या आणि पिल्लाच्या मापाची, बुजवलेली दोन भोकं आहेत, असं त्याने लिहिलं. भोकं होतीही असतील. ती कुणी, कधी आणि कशासाठी पाडली हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. कॉलेजच्या खोल्यांत माणसं बदलत राहतात. मांजरीचं दार न्यूटननी शोधून काढलं, असंही काही ठिकाणी वाचायला मिळतं. तेही चूक. उंदरांच्या बंदोबस्तासाठी दाराला मांजरीपुरतं भोक ठेवायची रीत इंग्लंडमध्ये जुनीच होती. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या एका कथेतसुद्धा असं भोक येतं.

पुढची हकिगत थोडक्यात सांगते. १६९६ मध्ये न्यूटन लंडनच्या टांकसाळीत अधिकारी म्हणून गेले आणि १६९९ मध्ये तिचे प्रमुख झाले. १७०३ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले, १७०५ मध्ये सर ही पदवी मिळाली. हा माणूस देव नव्हता. गणिताची ती नवी पद्धत आधी कुणी शोधली यावरून लायब्निट्स यांच्याशी वाद झाला. रॉयल सोसायटीने चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल न्यूटनच्याच बाजूने आला, आणि तो लिहिण्यात खुद्द न्यूटनचाच हात होता! मार्च १७२७ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांना पुरलं आहे.

आता वर्गाकडे वळू या. मांजरीची गोष्ट सांगूच नये असं माझं म्हणणं नाही. जरूर सांगा, पण दंतकथा म्हणून सांगा. आणि मग मुलांना विचारा: दुसरं भोक खरंच वेडेपणाचं आहे का? घराच्या दाराला मांजरीसाठी झडप बसवायची तर भोकाची खालची कड साधारण मांजरीच्या पोटाच्या उंचीवर ठेवतात. एवढ्याशा पिल्लाला ती कड ओलांडता येईल का? झडप जड असेल तर त्याला ती ढकलता येईल का? मुलांना पुठ्ठ्याच्या खोक्याला तसं दार करायला सांगा. खेळण्यातली मांजर चालेल. माप घ्यायला लावा, मग कापायला. हसण्यावारी नेलेल्या गोष्टीतून ती विचार करायला लागतील.

त्यानंतर खिडकीच्या भोकाची खरी गोष्ट सांगा. लोलक नसेल तर पसरट भांड्यात पाणी घ्या, त्यात छोटा आरसा तिरका ठेवा आणि त्यावर ऊन पडू द्या. समोरच्या भिंतीवर रंगांचा पट्टा दिसेल. (सूर्याकडे किंवा आरशातल्या उन्हाकडे थेट पाहायचं नाही, हे आधी बजावून सांगा.) पट्टा दिसला की मुलं रंगांची नावं मोजू लागतील. त्यांना फूटपट्टी द्या आणि लांबी-रुंदी मोजायला सांगा. न्यूटनचा प्रश्न रंगांच्या नावांतून नाही, त्या मापातून निघाला होता.

पालकहो, एक विनंती तुम्हालाही. मोठी माणसंही वेंधळी असतात हे मुलांना कळलं तर बिघडत नाही, उलट त्यांना धीर येतो. पण त्यासाठी खोटी गोष्ट कशाला? जेवण विसरणारे, कागद हरवणारे, टीकेने रुसणारे खरे न्यूटन आपल्याकडे आहेतच. आणि घरातलं मूल हातोडी-खिळे घेऊन काहीतरी ठोकत बसलं, तर लगेच पुस्तकापुढे बसवू नका. आधी विचारा, काय बनवतोयस? काय बनवतेयस? आणि थोडा वेळ शेजारी बसा.