जॉर्ज हॅरिसन : शोध स्वतःचा, आधार निर्वासितांना

कीर्ती आणि संपत्ती तेविशीतच पदरात पडल्यावर पुढे जगायचे कशासाठी, हा प्रश्न बीटल्स या वाद्यवृंदातील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांना पडला. उत्तर शोधण्याची त्यांची वाट भारतातून गेली आणि अनपेक्षितपणे आपल्या परराष्ट्र धोरणाच्या एका कठीण वळणाशी येऊन मिळाली.

हॅरिसन यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूलमधील एका कामगार कुटुंबात झाला. वडील बसवर नोकरी करीत. १९६५ मध्ये त्यांनी बीटल्सच्या एका गाण्यात प्रथम सतार वाजवली. जुलै १९६६ मध्ये मनिलाहून परतताना हा वाद्यवृंद दिल्लीत थांबला, तेव्हा कॅनॉट प्लेसमधील रिखीराम यांच्या प्रसिद्ध पेढीकडून त्यांनी सतार घेतली. त्याच वर्षी ते पंडित रविशंकर यांच्याकडे शिकण्यासाठी मुंबईत आले; चाहत्यांच्या गर्दीमुळे गुरुशिष्यांना श्रीनगरच्या हाउसबोटीचा आश्रय घ्यावा लागला. फेब्रुवारी १९६८ मध्ये ते महर्षी महेश योगी यांच्या ऋषिकेश येथील आश्रमात दाखल झाले. सुमारे दोन महिन्यांनी मतभेद होऊन ते तेथून निघाले. पुढे सतारीचा गंभीर अभ्यासही थांबला. ध्यान, नामस्मरण आणि रविशंकर यांच्याशी जडलेला स्नेह मात्र अखेरपर्यंत टिकला.

या आध्यात्मिक ओढीकडे श्रीमंत तरुणाची लहर म्हणून पाहणाऱ्यांना १९७१ ने उत्तर दिले. पूर्व पाकिस्तानातील दडपशाहीमुळे लक्षावधी लोक सीमा ओलांडून भारतात येत होते. वर्षअखेरीस हा आकडा एक कोटीच्या घरात गेला. मूळच्या बंगाली असलेल्या रविशंकर यांनी शिष्याकडे मदत मागितली आणि काही आठवड्यांत, १ ऑगस्ट १९७१ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन मैफली झाल्या. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांच्यासोबत बॉब डिलन व एरिक क्लॅप्टन मंचावर होते. निक्सन प्रशासन पाकिस्तानची पाठराखण करीत असताना त्याच देशात बांगलादेश हे नाव घरोघरी पोहोचले. भारताने त्या राष्ट्राला मान्यता दिली ती चार महिन्यांनी, ६ डिसेंबरला.

इतिहासाचा विद्यार्थी आणि प्रशासनात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मला यानंतरचा भाग अधिक बोधप्रद वाटतो. तिकीटविक्रीतून सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे तातडीने गेले. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचे उत्पन्न याहून कितीतरी मोठे होते. परंतु लाभार्थी संस्था आधी निश्चित करून करसवलतीची तजवीज झालेली नव्हती. परिणामी लाखो डॉलर अमेरिकी करखात्याच्या चौकशीत वर्षानुवर्षे अडकले. ज्या मुलांसाठी ते जमले होते, त्यांची भूक तेवढी थांबणार नव्हती. हॅरिसन यांनी यातून धडा घेतला. १९७३ मध्ये त्यांनी धर्मादाय प्रतिष्ठान स्थापन केले आणि काही गाण्यांचे हक्क त्याच्या नावे केले. करुणेला त्यांनी कायमची यंत्रणा दिली.

परदेशी देणग्या आणि स्वयंसेवी संस्थांवरील नियमनाची चर्चा राजधानीत अधूनमधून तापते. एक बाजू हेतूंच्या शुद्धतेचा दाखला देते, दुसरी हिशेबाच्या काटेकोरपणाचा. १९७१ चा अनुभव दोघांनीही पाहावा. हिशेबाची व्यवस्था आधी नसेल तर सद्हेतू दारातच अडतो. आणि नियम राबवणाऱ्यांना संकटाची निकड कळत नसेल, तर कायद्याचे पालन होऊनही मदत वेळ टळल्यावर पोहोचते. आपत्तीच्या काळातील देणग्यांसाठी मंजुरीचा वेगळा, कालबद्ध मार्ग शांततेच्या काळातच आखून ठेवणे हे शासनाचे काम आहे.

हॅरिसन यांचे २९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजेलिस येथे कर्करोगाने निधन झाले, वय ५८. त्यांच्या नावाचा निधी युनिसेफमार्फत मुलांसाठी काम करतो. ध्यानातून त्यांना काय गवसले, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्या शोधाचे सार्वजनिक फलित मात्र नोंदले गेले आहे, आणि त्यात सीमेवरच्या छावण्यांतील माणसांचाही वाटा आहे.