तारामती, राम आणि सीता : अण्णा साळुंके

आपल्या मंडळाच्या नाटकात स्त्रीपात्रांची अडचण पडत नाही, भगिनी मंडळ तालमीला आमच्या आधी हजर असते. पण १९१२ साली दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’च्या तयारीला लागले, तेव्हा तारामती व्हायला मुंबईत एकही बाई तयार होईना. ज्या वस्तीत प्रतिष्ठित माणूस पाऊल टाकत नसे, तिथेही दादासाहेब विचारून आले. तिथूनही नकारच.

शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात त्यांना अण्णा साळुंके भेटले. अण्णा तिथे स्वयंपाकी होते. सडपातळ अंग, नाजूक हात. हॉटेलात महिना दहा रुपये मिळत, दादासाहेबांनी पंधरा देऊ केले. त्या काळी मिशी काढायची ती वडील वारल्यावरच. त्यामुळे स्त्रीवेषासाठी नटमंडळींना राजी करताना दादासाहेबांची पुरेवाट झाली, असे सांगतात.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि हा स्वयंपाकी भारतीय पडद्यावरची पहिली राणी ठरला. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या खऱ्या स्त्रिया पडद्यावर आल्या. तेवढ्याने अण्णांचे काम संपायला हवे होते. पण चांगल्या घरच्या स्त्रिया या धंद्यात यायला अजून बराच अवकाश होता.

१९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर अण्णांनी कमाल केली. रामही तेच आणि सीताही तेच! मारुती होते गणपत शिंदे. पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक पायातली पायताणे काढून ठेवत. गल्ल्याची पोती बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आख्यायिका आहे. अण्णांचे दंड तोवर चांगले भरले होते, आणि अशोकवनातल्या सीतेचेही ते दंड लपत नसत. लोकांना त्याचे काही वाटले नाही. माझ्या मते इथेच त्यांचा अभिनय दिसतो. मूकपट, म्हणजे मदतीला आवाज नाही. जे पटवायचे ते डोळ्यांनी आणि हातांनी.

मला स्वतःला त्यांची पुढची वाटचाल जास्त भावते. अण्णा कॅमेऱ्यामागे गेले आणि १९२० नंतरच्या काळात छायाचित्रणकार म्हणून त्यांनी बरेच चित्रपट केले. तेव्हा दांडा हाताने फिरवायचा; हात अडखळला की पडद्यावरचा माणूस धावू लागे. आमच्या शेडमध्ये खलाशी म्हणून लागलेला माणूस फिटर होतो, तेव्हा आम्ही पेढे वाटतो. मी डिप्लोमावाला, हाताने शिकलेल्या माणसाची किंमत मला पक्की ठाऊक आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ची थोडी रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपली आहेत. काही अभ्यासक ती १९१७ च्या नव्या आवृत्तीची मानतात. त्यात तारामती आणि सख्यांची जलक्रीडा आहे. चिंब साड्या, हसणे, पाणी उडवणे, आणि त्यात एकही बाई नाही!