दोघांचाच वर्ग

विसरभोळेपणाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला आम्ही शब्दांच्या काही जोड्या ऐकवतो. मग जोडीतला एक शब्द सांगून दुसरा आठवतो का, ते पाहतो. या तपासणीमागची पद्धत मेरी व्हिटन कॅल्किन्स या अमेरिकी विदुषीची. त्यांना ज्या रीतीने शिकवले गेले, ती शिक्षकांनी जाणून घ्यावी अशी आहे.

मेरी यांचा जन्म १८६३ चा. बॉस्टनजवळच्या वेलस्ली या मुलींच्या महाविद्यालयात त्या ग्रीक शिकवत. तिथे मानसशास्त्र सुरू करायचे ठरले आणि आधी वर्षभर तो विषय शिकून यावे, या अटीवर ते काम त्यांच्याकडे आले. पण हार्वर्ड विद्यापीठ स्त्रियांना प्रवेश देत नसे. वडिलांनी अर्ज केला, प्राध्यापक विल्यम जेम्स व जोसाया रॉइस यांनी रदबदली केली. १८९० मध्ये वर्गात बसण्याची मुभा मिळाली, नावनोंदणी मात्र नाहीच.

जेम्स यांच्या वर्गातले इतर विद्यार्थी थोड्याच आठवड्यांत गळाले. उरल्या एकट्या मेरी. जेम्स यांनी वर्ग बंद केला नाही. ग्रंथालयातल्या शेकोटीच्या दोन बाजूंना दोघे बसत आणि जेम्स यांच्या नुकत्याच निघालेल्या मानसशास्त्राच्या ग्रंथावर चर्चा चाले. मेरी यांची तत्त्वज्ञानाची बैठक पक्की होती. प्रयोगाचा हात नव्हता. ती उणीव वूस्टरच्या क्लार्क विद्यापीठातल्या एडमंड सॅनफर्ड यांनी भरून काढली. त्यांच्याच मदतीने १८९१ मध्ये मेरी यांनी वेलस्लीत प्रयोगशाळा उभारली.

पुढे हार्वर्डमध्येच ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली त्यांनी स्मृतीवर प्रयोग केले. एक रंग, त्यामागोमाग एक आकडा, अशा जोड्या दाखवायच्या. नंतर रंग दाखवून आकडा विचारायचा. ठळकपणे किंवा शेवटी दाखवलेली जोडी लक्षात राहतेच. पण सर्वांत जास्त टिकते ती वारंवार दाखवलेली, असे त्यांना आढळले.

१८९५ मध्ये परीक्षकांनी एकमुखाने त्यांना डॉक्टरेटला पात्र ठरवले. विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण त्या स्त्री होत्या. १९०२ मध्ये रॅडक्लिफ या महिला महाविद्यालयाची पदवी देऊ केली गेली. काम हार्वर्डमध्ये केले, तर पदवी दुसरीकडची कशाला, म्हणून त्यांनी ती घेतली नाही. १९०५ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले, तेही पदवीविनाच.

दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गापुढे उभे राहणाऱ्या आम्हा शिक्षकांना प्रत्येकासाठी शेकोटी पेटवता येणार नाही. पण समोरच्याला काय येते आणि कुठे अडते, एवढे विचारायला वेळ काढता येतो. रुग्ण तपासताना आम्ही तेच तर करतो.