विश्लेषण : चाक बसवण्याआधी मोजमाप का हवे? मालवणच्या किर्लोसशी नाळ असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

गाडीची चाके मडगार्डच्या कडेपर्यंत बाहेर आणण्यासाठी ‘व्हील स्पेसर’ लावण्याची हौस स्पोर्ट्स कारवाल्यांकडून साध्या हॅचबॅकपर्यंत आली आहे. स्पेसर ही हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती असते. ती दिसायला साधी असली तरी तिच्यामागे हिशेब आहे आणि तो चुकला तर चाकच दगा देऊ शकते. एका यंत्राचा भाग दुसऱ्यावर नीट कसा बसवायचा, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने सायकलच्या चाकापासून हाताळायला सुरुवात केली. त्या घराण्याच्या आडनावात मालवण तालुक्यातले एक गाव आहे.

किर्लोस आणि किर्लोस्कर यांचे नाते काय?

मालवण तालुक्यातील किर्लोस हे गाव आज सिंधुदुर्गातील शेतकऱ्यांना कृषी विज्ञान केंद्रामुळे परिचित आहे. किर्लोस्कर हे आडनाव याच गावावरून आले. घराणे पुढे घाट चढून बेळगाव भागात स्थिरावले. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही हेच गाव. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे लक्ष मात्र पोथ्यांपेक्षा चित्रांकडे आणि यंत्रांकडे अधिक होते.

चित्रकार व्हायला निघालेला तरुण यंत्रांकडे कसा वळला?

थोरले बंधू रामुअण्णा यांच्या पाठिंब्यावर लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे त्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नसल्याचे लक्षात आले. चित्रकार होण्याचा रस्ता बंद झाला, पण यांत्रिक आरेखनाला रंग लागत नाहीत. तिथे रेषा, कोन आणि माप अचूक असावे लागते. लक्ष्मणरावांनी तेच आत्मसात केले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवू लागले. संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे हाताळण्याची संधीही त्यांना मिळाली. कागदावरची रेषा प्रत्यक्ष लोखंडात उतरताना कुठे चुकते, हे तिथे कळले.

त्या काळच्या सायकलमध्ये नवे काय होते?

मुंबईत असतानाच लक्ष्मणरावांचे लक्ष सायकलने वेधले. ते मुंबईतून सायकली पाठवत आणि बेळगावात रामुअण्णा त्या विकत. किर्लोस्कर समूह आपली स्थापना १८८८ पासून मोजतो, ती बेळगावच्या या सायकल व्यवसायापासून. शहरातला किर्लोस्कर रोड आजही त्या दुकानाची आठवण देतो.

सायकलच्या दृष्टीने तो काळ मोठ्या बदलाचा होता. दोन्ही चाके जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला साखळी असलेली ‘रोव्हर’ ही सेफ्टी सायकल १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये आली होती. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. रॉबर्ट थॉमसन यांनी ही कल्पना १८४५ मध्येच मांडली होती, पण ती रस्त्यावर रुजली डनलॉप यांच्यामुळे. त्याआधी चाकावर भरीव रबर असे आणि रस्त्याचा प्रत्येक दगड थेट पाठीला जाणवे.

हवेचा टायर आला तसा नवा प्रश्नही आला. हा टायर रिमवर टिकवायचा कसा? सुरुवातीला तो चिकटवला जाई. त्यामुळे पंक्चर काढणे हेच मोठे काम होऊन बसे. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घातली आणि रिमच्या मधोमध खोलगट भाग ठेवला. टायरची एक बाजू त्या खोलगट भागात सरकवली की समोरची बाजू रिमच्या कडेवरून सहज उतरते. हवा भरली की कडा रिमला घट्ट बसतात. आजच्या मोटारीचा टायरही याच तत्त्वावर चढतो आणि उतरतो.

सायकल दुरुस्त करणाऱ्याला हे सारे हाताने शिकावे लागते. तारा कमी-जास्त ताणून चाकाचा आऊट काढायचा. कोन इतपतच आवळायचा, की छर्रे मोकळे फिरतील पण चाक डुगडुगणार नाही. आसाची लांबी आणि चिमट्यातले अंतर जुळत नसेल तर नेमक्या जाडीच्या वायसर घालायच्या. स्पेसरचे मूळ काम हेच आहे : दोन भागांमधले अंतर मोजून भरून काढणे.

पक्की नोकरी का सोडली?

व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. काम येत असूनही कातडीच्या रंगावर बढती ठरणार असेल तर तिथे राहण्यात अर्थ नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. संसार सुरू झालेला होता आणि हाताशी भांडवल फारसे नव्हते. सायकलींच्या जोडीला त्यांनी लहानसा कारखाना सुरू केला. जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही तिथली सुरुवातीची उत्पादने.

लोखंडी नांगर विकला का जात नव्हता?

लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर माती कापून उलटी करतो. तणाची मुळे वर येतात आणि खालचा थर मोकळा होतो. तरीही शेतकरी तो घेईनात. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, असा समज पसरला होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

हा विरोध निव्वळ अंधश्रद्धेचा म्हणून सोडून देता येत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने नांगर म्हणजे पूर्ण हंगामाची जोखीम. परदेशी नमुना तिथल्या मातीसाठी आणि घोड्यांसाठी बनलेला. इथे काळी चिकट जमीन आणि ओढायला बैल. फाळ किती खोल जाईल, बैलांवर किती ताण येईल आणि झिजलेला भाग गावात बदलता येईल का, या प्रश्नांची उत्तरे शेतातच मिळणार होती. नांगर चालताना दिसू लागला तशी मागणी वाढली. पुढे महाराष्ट्र-कर्नाटकात किर्लोस्कर हे नाव आधी नांगराशी जोडले गेले.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

धंदा मार्गी लागत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा हवी झाली. चाळिशीला आलेल्या लक्ष्मणरावांवर बिऱ्हाड हलवण्याची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन माळरानाची. निवडुंग माजलेला आणि सापांचा सुळसुळाट. १९१० च्या मार्चमध्ये तिथे मुक्काम पडला. पत्नी राधाबाई, बंधू आणि मोजके कामगार कुटुंबांसह सोबत होते.

निवडुंग तोडून आधी राहण्याची सोय झाली आणि मग कारखाना. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी देशातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक मानली जाते. लक्ष्मणराव अस्पृश्यतेचे विरोधक होते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कारखान्याच्या रात्रपाळीच्या पहाऱ्यावर नेमले. कुलपाची किल्ली विश्वासाने हाती दिली तर माणूस बदलू शकतो, असा त्यामागचा विचार होता.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घराघरांत गेले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेच्या एमआयटीतून अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले. त्याच सुमारास वाडीत सेंट्रिफ्युगल पंपाचे उत्पादन सुरू झाले. पुढे डिझेल इंजिने, यंत्रसामग्री आणि विजेच्या मोटारी आल्या. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

आजच्या गाडीला हेच मोजमाप कसे लागू होते?

मोटारीचे चाक बदलताना तीन मापे जुळावी लागतात. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. चाकाच्या मधल्या भोकाचा व्यास म्हणजे सेंटर बोअर. आणि चाक हबला टेकते ती पातळी रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट.

समजा, मूळ चाकाचा ऑफसेट ४५ मिमी आहे. २० मिमीचा स्पेसर लावला तर तो प्रत्यक्षात २५ मिमी होतो. चाक २० मिमी बाहेर येते आणि दोन्ही बाजूंना स्पेसर असल्यास चाकांमधले अंतर ४० मिमीने वाढते. रिम ७ इंचांवरून ८ इंच केली, तर ऑफसेट तोच ठेवूनही ती आत आणि बाहेर प्रत्येकी १२.७ मिमी सरकते. रिकामी गाडी उभी असताना सगळे ठीक दिसते. पाच माणसे आणि सामान घेऊन आंबोली घाट चढताना खड्ड्यात चाक दाबले जाते, तेव्हा टायर मडगार्डला घासतो.

स्पेसरमुळे भार बेअरिंगपासून दूर जातो. बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. मूळ स्टडवरच जाड स्पेसर चढवला तर नटला पकडायला पुरेसे आटे उरत नाहीत. स्टडच्या जाडीइतका तरी नट आत गेला पाहिजे, हा कार्यशाळेतला ढोबळ नियम. सेंटर बोअर जुळला नाही तर चाक मध्यावर बसत नाही आणि वेग वाढताच हादरे जाणवतात.

मालवण किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट आहे : खारी हवा. ॲल्युमिनियमचा स्पेसर आणि लोखंडी हब यांच्यामध्ये खारा ओलावा शिरला की दोन धातूंच्या संपर्काने गंज वेगाने वाढतो. स्पेसर हबला असा चिकटतो, की पंक्चर झाल्यावर चाक निघता निघत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल वाहनात करता येत नाही.

मग करायचे काय?

गाडीच्या माहितीपुस्तिकेतील टायर-रिमची मापे आधी पाहावीत. नवे चाक घ्यायचेच असेल तर स्पेसरपेक्षा योग्य ऑफसेटचे आणि कंपनीने मान्य केलेल्या मापाचे घ्यावे. नट टॉर्क रेंचने आवळावेत आणि थोडे अंतर चालवल्यावर पुन्हा तपासावेत. किनाऱ्यावर वापरल्या जाणाऱ्या गाडीची चाके पावसाळ्याआधी आणि नंतर काढून हब साफ करून घ्यावेत. बेळगावच्या दुकानात कोन आवळून चाक हाताने फिरवून पाहिल्याशिवाय सायकल गिऱ्हाइकाच्या हाती देता येत नसे. लाखो रुपयांच्या गाडीलाही तेवढी तपासणी मिळायला हवी.