मोलेसर शास्त्री

आपल्या बारामती-इंदापुराकडील मुलखास घोडा नवा नाहीं. भीमा व नीरा या नद्यांच्या कांठीं निपजणारीं भीमथडी तट्टें मराठ्यांच्या फौजेंत नांवाजलेलीं होतीं. अंगानें लहान, पण चिवट, आणि थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारीं अशी त्यांची ख्याति होती. तीं अजून नाहींशीं झालेलीं नाहींत. धनगर आजही आपलें बिऱ्हाड त्यांच्या पाठीवर लादून मेंढरांमागें फिरतात. परंतु घोड्याबरोबर जे शब्द घरोघर नांदत होते ते मात्र मागें पडले. खोगीर, रिकीब, तंग, दुमची, म्होरकी, तोबरा, खरारा यांचे अर्थ आज पुष्कळ मुलांस कोशांत पाहावे लागतात. अशा शब्दांचा मोठा कोश ज्यानें रचिला, त्याचें चरित्र म्हणूनच आपणांस जाणून घेण्याजोगें आहे.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालीं झाला. कोवळ्या वयांतच, १८१२ सालीं, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडील फौजेंत अधिकारी म्हणून दाखल झाले. तरवार बाळगणाऱ्या या तरुणास येथील भाषांचा छंद लागला. सोलापुरास असतांना त्यांनीं मराठी शब्द टिपून ठेवण्यास आरंभ केला. पुढें टॉमस व जॉर्ज कँडी हे जुळे बंधु त्यांस येऊन मिळाले. मुंबई सरकारनें कोशाच्या कामास मान्यता दिली, शास्त्रीमंडळी नेमण्यांत आली, आणि अनेक वर्षांच्या परिश्रमानंतर १८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें ४०,००० शब्द होते.

हें काम किती बिकट होतें हें घोड्याच्या सामानावरूनच ध्यानांत येईल. खोगीर म्हणजे कापडांत लोंकर किंवा चिंध्या भरून केलेली गादी. जीन असतें चामड्याचें. इंग्रजींत मात्र दोहोंसही सॅडल हा एकच शब्द. घोड्यास पुढून बांधावयाची ती अगाडी व मागच्या पायांस बांधावयाची ती पिछाडी. परंतु ज्या देशांत घोडा तबेल्यांतील आपल्या खणांत मोकळा उभा राहतो, तेथें या दोरांस नेमका शब्द कोठून असणार? बारगीर हा सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःच्या. दोघांसही नुसतें स्वार म्हटलें कीं मराठी राज्याची अर्धी व्यवस्थाच पुसली जाते. खोगीरभरती या शब्दास तर गादींतील चिंध्यांची गोष्ट सांगितल्याखेरीज अर्थच येत नाहीं. अशा ठिकाणीं शब्दास शब्द देऊन भागत नाहीं, वस्तूच समजावून सांगावी लागते. म्हणूनच मोल्सवर्थांचा कोश वाचतांना ठिकठिकाणीं वर्णनें, म्हणी व लाक्षणिक अर्थ आढळतात. शब्द संस्कृत, हिंदुस्थानी, फारसी कीं अरबी, याचीही खूण त्यांनीं केलेली आहे.

शब्द हा घोड्याबरोबरच प्रवास करतो. लगाम आपल्याकडे फारसींतून आला, रिकीब अरबींतून. अमेरिकेंत स्पॅनिश गुराखी एका म्होरकीस हाकिमा म्हणत. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या जिभेवर तिचें हॅकमोर झालें. गुरें पकडण्याच्या दोरास ते ला रेआता म्हणत. त्याचें लॅरिएट झालें. तेथें भाषांतर करण्यास कोणी शास्त्री बसला नव्हता. शब्द तोंडोतोंडींच पार झाला. मोल्सवर्थांनीं मात्र तेंच काम विचारपूर्वक, एकेक शब्द पारखून केलें.

अतिश्रमानें त्यांची प्रकृति ढासळली व १८३६ सालीं ते स्वदेशीं परतले. त्यांनीं आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनीं पुरा करून १८४७ सालीं प्रसिद्ध केला. तथापि पहिल्या कोशांतील उणिवा मोल्सवर्थांस स्वस्थ बसूं देईनात. सरकारच्या बोलावण्यावरून १८५१ सालीं ते पुनः आले, आणि १८५७ सालीं सुमारें ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ति बाहेर पडली. आपल्या लोकांनीं त्यांस प्रेमानें मोलेसर शास्त्री असें नांव दिलें. पुढें बाबा पदमनजी यांनीं या कोशाचा संक्षेप केला.

विद्यार्थिमित्रहो, हें श्रेय एकट्या मोल्सवर्थांचें नव्हे. त्यांच्याजवळ बसणाऱ्या शास्त्र्यांचें तें आहे, आणि ज्यांच्या तोंडीं हे शब्द जिवंत होते त्या असंख्य अनाम लोकांचेंही आहे. अमरकोश मुखोद्गत असणारा पंडित घोड्याचीं दहा नांवें सांगेल. परंतु खोगीर पुढें सरकूं नये म्हणून दुमची शेपटीखालून कशी घ्यावी हें मोतद्दारासच विचारावें लागतें. परदेशांतून आलेल्या एका तरुणास तें विचारण्यांत कमीपणा वाटला नाहीं. मग आपल्या आजोबांस किंवा वाटेनें जाणाऱ्या धनगरास तें विचारण्यांत आपणांस कमीपणा कां वाटावा? येत्या सुटींत प्रत्येकानें असे दहा शब्द अर्थासह वहींत उतरून ठेवले, तर मोलेसर शास्त्र्यांचें ऋण थोडें तरी फिटेल.