सखाराम गणेश पंडित : नागरिकत्वाच्या लढ्यातील वकील

सखाराम गणेश पंडित हे नाव मराठी कानाला घरचे वाटते; परंतु त्यांची कर्मभूमी होती सातासमुद्रापलीकडील कॅलिफोर्निया. १८७५ साली अहमदाबादेत जन्मलेले पंडित १९०६ मध्ये अमेरिकेत पोहोचले आणि भारतीय तत्त्वज्ञानावर व्याख्याने देऊ लागले. १९१४ मध्ये लॉस एंजलिसच्या न्यायालयाने त्यांना नागरिकत्व बहाल केले. १९१७ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली.

त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्यांपैकी केवळ गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिकत्व मिळू शकत असे. भारतीय माणूस गोरा की नव्हे, यावर निरनिराळी न्यायालये निरनिराळे निकाल देत. अखेर हा प्रश्न भगतसिंग थिंद यांच्या खटल्याने सर्वोच्च न्यायालयात नेला. थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेले पंजाबी गृहस्थ. त्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत पंडित होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल विरुद्ध गेला. वंशशास्त्रज्ञांचे वर्गीकरण काहीही असो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे भारतीय गोरा ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालानंतर सरकारने पूर्वी दिलेली नागरिकत्वेही रद्द करण्यासाठी दावे गुदरले. नागरिकत्वास अपात्र ठरणाऱ्या परकीयांना कॅलिफोर्नियात शेतजमिनीची मालकी ठेवता येत नसे. त्यामुळे प्रश्न केवळ कागदाचा उरला नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांचे नागरिकत्व असेच गेले. ना अमेरिकेचे नागरिक, ना परतीचा मार्ग, अशा अवस्थेत १९२८ मध्ये त्यांनी जीवनयात्रा संपविली.

दावा पंडितांवरही झाला. मात्र त्यांनी वंशाचा हरलेला वाद पुन्हा उकरून काढला नाही. १९१४ मध्ये सरकारला हरकत घेण्याची आणि अपील करण्याची पुरेपूर संधी होती. जो प्रश्न एकदा निकालात निघाला, तो वर्षानुवर्षांनी त्याच पक्षकारांमध्ये पुन्हा उघडता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्या निकालावर विसंबून त्यांनी व्यवसाय उभारला होता, अमेरिकी स्त्रीशी विवाह केला होता. नागरिकत्व गेले असते तर सनद गेली असती आणि पत्नीही आपल्याच देशात परकी ठरली असती. न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते कायम ठेवले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर सरकारने असे उरलेले दावे सोडून दिले. एका वकिलाच्या चिकाटीने कित्येकांचे संसार वाचले. थिंद यांना १९३६ मध्ये माजी सैनिक म्हणून नागरिकत्व मिळाले; भारतीयांसाठी दार उघडले ते १९४६ च्या कायद्याने. १९५९ मध्ये पंडितांचे निधन झाले.

पंडित स्वतः कायदा जाणत होते, म्हणून नेमका मुद्दा त्यांच्या हाती लागला. सर्वांचे भाग्य असे नसते. अमेरिकेच्या स्थलांतर न्यायालयांत आजही वकील नेमण्याचा हक्क आहे, पण त्याचा खर्च सरकार देत नाही. गोमंतकीयांना हा विषय दूरचा नाही. आमोण्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या व्यक्तीलाही पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला असू शकतो. आणि स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. असा अर्ज करण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला परवडणाऱ्या दरात मिळणे किती मोलाचे, हे बगाई आणि पंडित यांच्या भिन्न वाटांवरून उमगते. महिला, कामगार, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मागण्याचा हक्क आहे.